पांढऱ्यावर पांढरं

९ जानेवारी

मायना काय घालावा यात एक कागद वाया गेला. सवयीने 'चि. सौ.' लिहिलं आणि पेन अडलं. कोर्टात तुम्हा दोघांच्या तारखा चालू असताना सुनेला 'सौ.' लिहितात का, हे विचारायला माणूसही सापडेना. तेव्हा बिनमायन्याचंच पत्र वाच. पाकिटावर नाव तुझंच आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस, आणि ठेवल्यावर दोघींनाही वाटत राहतं की दुसरी रागावली. कागदावर आवाज चढत नाही. फार तर अक्षर मोठं होतं.

तर मुद्द्याचं. तुझा ससा ठणठणीत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुझ्या काळजात धस्स होईल. सोमवारी सकाळी त्याच्या टॉवेलवर लालभडक डाग दिसला. लघवीचा. जन्मभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघत आलेली बाई मी, पण या डागाला मी घाबरले. ढब्बूला शालीत गुंडाळलं, डागाचा टॉवेल पिशवीत घातला आणि लाँड्री इस्त्रीवाल्या काकांवर सोडून दवाखाना गाठला. वाटेत तुला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

तिथली डॉक्टर तुझ्याच वयाची असेल. तिने टॉवेल उजेडात धरला आणि विचारलं, "काल काय खाल्लं याने?"

"गाजर. आणि बिटाचा पाला."

ती हसायलाच लागली. "आजी, सशाची लघवी पिवळी असते, केशरी असते, कधी अशी लालसुद्धा होते. पाल्यातला रंग उतरतो. तरी खात्री करून घेऊ." तिने ओल्या डागावर कसलीशी कागदी पट्टी टेकवली, वाट पाहिली, आणि म्हणाली, "रक्त नाही. जा घरी."

मला बिटाचा रंग ओळखू आला नाही! इस्त्रीवाले काका दिवसभर खुदुखुदु हसत होते. एका शर्टाची कॉलर त्यांनी हसण्याच्या नादात उलटी दाबली, ती मी त्यांना पुन्हा करायला लावली.

हॉस्टेलवर जनावर चालत नाही म्हणून जागा मिळेपर्यंत तू त्याला माझ्याकडे सोडून गेलीस. मला ससे आवडत नाहीत हे तुला ठाऊक आहे. तो दुकानाच्या मागच्या खोलीत कपाटाखाली राहतो आणि मी त्याच्याकडे अजिबात लक्ष देत नाही. रोज सकाळी धुतलेला पांढरा टॉवेल मात्र अंथरते. माझ्या दुकानात मळकं काही चालत नाही, मग ते सशाखालचं का असेना.

कळावे. सही काय म्हणून करायची ते पुढच्या वेळी ठरवू.


२४ जानेवारी

तुझं पत्र आलं. चार ओळी. मायना त्यालाही नव्हता, म्हणजे आपली फिटंफाट झाली.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर 'आता स्पष्ट दिसतं का, आणि आता?' असं विचारून घसा बसतो म्हणतेस. कोमट पाण्याच्या गुळण्या कर. आणि हॉस्टेलच्या खिडकीतून फक्त भिंत दिसते, हे वाचून मला वाईट वाटलं. हे मी फोनवर बोलले नसते.

ढब्बू बरा आहे. थोडा रुसलाय, इतकंच. तू त्याला पेटीत लघवी करायला शिकवलं होतंस ना, ते सगळं विसरला. आता पेटीच्या काठावर करतो, कपाटाजवळ करतो, जाईल तिथे दोन-दोन थेंब. मी काकांना म्हटलं, हे मुद्दाम चाललंय. आई लांब गेली की पोरं अशीच वागतात. माझा मुलगा मी बाळंतपणाला... नको, त्याच्या लहानपणाच्या गोष्टी आता तुला कशाला.

मागचे पायही ओले असतात त्याचे. धुलाईकडच्या ओल्या फरशीवर जाऊन बसत असणार. मी अंगाची पावडर लावते. छान सुवास येतो.

काकांशी मात्र माझं भांडण झालं. ढब्बूच्या टॉवेलवर पांढरी भुकटी राहते, खडूसारखी. मी म्हटलं, तुम्ही साबण नीट काढत नाही.

"तीन पाण्यांतून काढलाय, बाई," काका म्हणाले. "साबण असता तर फेस आला असता."

"मग हे पांढरं कसलं?"

"पांढरं आहे ना? मग राहू द्या की. गिऱ्हाईक पांढऱ्यासाठीच तर येतं आपल्याकडे."

आणि मला ते पटलं, बघ. आमच्या धंद्यात पांढऱ्याला कोणी डाग म्हणत नाही. लाल दिसलं की धावायचं, पिवळं दिसलं की घासायचं, पांढरं दिसलं की घडी घालायची.

खाण्याची आबाळ नाही. ते दाणेदार तयार खाद्य आणतो ना आपण, त्याचा वाडगा मी भरलेला ठेवते. दोन पायांवर उभा राहून मागतो, मग हात आखडता घेववत नाही. शिवाय गोठ्यावरून गाईगुरांचा लसूणघास आणते, त्यावर तर तुटून पडतो. चांगला गुटगुटीत झालाय. पाणी किती पितो असं तू विचारलं होतंस. बाटली भिंतीला टांगलेली आहे आणि कधीही बघ, भरलेलीच असते. पाण्याची काही ददात नाही.


५ फेब्रुवारी

तुझं पत्र शुक्रवारी आलं आणि मी चिडले. इतकी चिडले की घडी घालून साबणाच्या डब्याखाली ठेवून दिलं. 'बाटली भरलेली असते म्हणजे तो पाणी पीत नाही. वाकून बसतो का? शेपटी वर करून जोर करतो का? दवाखान्यात न्या, आजच.' लांब बसून हुकूम सोडायला काय जातं, असं मनात आलं. एकदा बिटाच्या पाल्यापायी हसं करून घेतलं होतं, पुन्हा कोण जाणार?

मग शनिवारी कोटाचं झालं.

एका वकिलाचा काळा कोट इस्त्रीला आला होता. तुमच्या वकिलाचा नाही, दुसऱ्याच कुणाचा. काकांनी तो खुर्चीवर ठेवला आणि तिथून तो खाली घसरला. ढब्बू त्यावर जाऊन बसला. मी ओरडणार तेवढ्यात बघितलं, तर तो पाठ वाकवून, शेपटी उभी करून, डोळे अर्धे मिटून जोर करत होता. किती तरी वेळ. शेवटी उठला तेव्हा काळ्या कोटावर पांढरा गोळा पडला होता. पाणी नव्हे गं, लगदा. ट्यूबमधून दातांची पेस्ट दाबावी तसा. बोटावर घेतला तर वाळू लागली. वाळल्यावर त्याची तीच भुकटी झाली, जिच्यावरून मी काकांना आठवडाभर बोलत होते.

पांढऱ्या टॉवेलवर मी रोज तेच बघत होते आणि रोज धुऊन टाकत होते. डॉक्टरला दाखवायचं ते मीच माझ्या हाताने साफ करत होते, वर स्वच्छतेचा तोरा. मला त्या फरशीवर बसून रडू आलं. तू लोकांचे डोळे तपासतेस, आणि तुझी सासू अशी आंधळी.

कोट तसाच पिशवीत भरला आणि ढब्बूला घेऊन गेले. डॉक्टरने या वेळी कोटाकडे बघितलं आणि हसली नाही. त्याला उताणा धरून दाखवलं. मागच्या पायांच्या आतली कातडी लाल, केस गळलेले, वर माझ्या पावडरीचा लेप. "लघवीने भाजलंय हे," ती म्हणाली. "पावडर लावू नका, ती आत जाऊन अजून चुरचुरते. कोमट पाण्याने तेवढीच जागा धुवायची आणि टिपून कोरडी करायची. पूर्ण अंघोळ नाही घालायची."

मग फोटो काढला, आतला. काळ्या फिल्मवर हाडं पुसट, आणि पोटाच्या खालच्या भागात एक पांढराशुभ्र अंडाकार. "हे त्याचं मूत्राशय," ती म्हणाली. "इतकं पांढरं दिसायला नको. चुन्याने भरलंय."

"चुना? मी कधी चुना दिला?"

"तुमच्या वाफेच्या इस्त्रीचा बॉयलर असतो ना? त्याच्या तळाला काय बसतं?"

"क्षार."

"तसंच. माणसाचं शरीर लागेल तेवढंच कॅल्शियम घेतं. ससा खाण्यातलं बहुतेक सगळं घेतो आणि उरलेलं लघवीतून टाकतो. म्हणून त्याची लघवी थोडी गढूळ असतेच, त्याला घाबरायचं नसतं. पण ते दाणेदार खाद्य वाडगा भरून, वर लसूणघास, पाणी कमी, आणि बसून बसून वजन वाढलेलं, मग ते तळाला साचून चिखल होतो."

त्या एका वाक्यात माझे सगळे लाड आले. त्या बाटलीचंही कळलं: तिच्या नळीतली, पाणी सोडणारी बारकी गोळी क्षाराने अडकली होती. पंधरा मिनिटं चाटलं तर चमचाभर पाणी यायचं. बॉयलर मी दर महिन्याला साफ करते, ती नळी कधी बघितली नाही.

मानेमागच्या सैल कातडीखाली सलाईन दिलंय, दुखण्यावरचं औषध दिलंय. उद्यापासून रोज न्यायचं. खडा झालेला नाही, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. घाबरू नकोस. मी दोघींच्या वाटणीचं घाबरतेय.


१० फेब्रुवारी

थोडक्यात लिहिते. सुधारणा नाही. सलाईनने थोडा लगदा निघतो, पण फोटोतला पांढरा गोळा तसाच. आज सकाळपासून खाल्लं नाही. लेंड्या बारीक, मिरीएवढ्या झाल्यात. कोपऱ्यात पाठ करून बसतो आणि करकर दात वाजवतो.

काकांनी मायेने त्यांची स्वतःची लघवीची गोळी अर्धी मोडून आणली होती. मी द्यायला निघालेच होते, तेवढ्यात दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टर कडाडली. माणसांच्या काही गोळ्या पोटात गेल्या तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यापाठी ससाही. काका बिचारे गोरेमोरे झाले. गोळी त्यांनी स्वतःच खाऊन टाकली.

उद्या सकाळी पुन्हा बोलावलंय. हे पत्र तुला मिळेल तोवर काय झालं असेल, या विचाराने हात चालत नाही. पत्र लिहिण्यात हेच वाईट.


१२ फेब्रुवारी

काल तुला फोन केला आणि मध्येच ठेवला. रागावले नव्हते. रडू फुटलं होतं आणि समोर बाकावर एक गृहस्थ पोपट घेऊन बसले होते, त्यांच्यासमोर नको वाटलं. सुटलेलं आज लिहिते.

डॉक्टर म्हणाली होती, आता भूल देऊन नळी घालून मूत्राशय आतून धुवावं लागेल. सशांना भूल देणं जोखमीचं असतं, काही उठत नाहीत, हेही तिने स्पष्ट सांगितलं. न धुवावं तर तो खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर सशाचं आतडं थांबतं. "मालकाला विचारून सांगा," म्हणाली. म्हणून फोन.

किती महिन्यांनी तुझा आवाज ऐकला! वाटलं होतं, आधी जरा वेळ दोघी गप्प बसू. तू एकदम विचारलंस, "दात वाजवतोय का?" मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "म्हणजे खूप दुखतंय त्याला. भूल द्या म्हणावं. आणि तुम्ही तिथेच थांबा. तुमचा आवाज आला की तो एक कान वर करतो." हे तुला कसं माहीत? मला वाटत होतं हे फक्त मलाच माहीत आहे. 'मी येऊ का' असंही विचारलंस, आणि मी 'कशाला, नोकरी नवी आहे' म्हटलं. ते मनातलं नव्हतं.

मी डॉक्टरला विचारलं, आता उपाशी ठेवायचा ना भुलीसाठी? तर नाही, सशाला उपाशी ठेवायचंच नसतं. शेवटपर्यंत गवताची काडी तोंडाशी धरून बसले होते. एक काडी त्याने अर्धी चावली.

माझा मुलगा गाडी घेऊन आला होता. तो बाहेर पायरीवर बसला. "तिला कळवलंस का?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, कळवलं. मग तो चहा घेऊन आला, स्वतः प्यायला नाही. तुमचं जमलं नाही यात मी कुणाची बाजू घेत नाही, पण तो ढब्बूसाठी तिथे बसला होता हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आतून पाण्याचा आवाज येत होता. आयुष्यभर मी धुतच आलेय, पण कुणाचं धुणं इतक्या धास्तीने ऐकलं नव्हतं. डॉक्टरने नंतर सांगितलं की गरमसर सलाईन आत सोडायचं, हलकेच हलवायचं, काढून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. शेवटी पाणी नितळ आलं. भांड्यात तळाला जो पांढरा गाळ बसला होता तो तिने मला दाखवला. एवढ्याशा जिवाच्या पोटात तो होता.

मग तो उठेना. डॉक्टर म्हणाली, लागतो वेळ. गरम पिशवीवर ठेवला होता. मदतनीस मुलगी दारात येऊन ओरडली, "ढब्बूची आजी कोण आहे?" मी आजूबाजूला बघितलं आणि मग लक्षात आलं. "आत या, बोला त्याच्याशी," म्हणाली. काय बोलणार? मी त्याला दुकानातले हिशोब सांगितले, काकांच्या गोळीची गोष्ट सांगितली, तुझ्या खिडकीतून भिंत दिसते तेही सांगितलं. त्या भिंतीच्या गोष्टीपाशी आले आणि त्याचा डावा कान हलला. मग उजवा. मग नाक.

डॉक्टर औषधं समजावताना म्हणाली, "तुम्ही आजी, मग याची आई कुठे असते?"

मी म्हटलं, "माझी सून. परगावी नोकरीला आहे."

कोर्टाचा निकाल सोमवारीच आला, तो तुलाही मिळाला असेल. बोलून झाल्यावर मला ते आठवलं. पण दुरुस्ती करायला मी परत गेले नाही.


१ मार्च

तुझं पत्र पोहोचलं. चार ओळींवरून तू आता दोन पानांवर आलीस. असंच चालू ठेव.

ढब्बूची खुशाली सविस्तर विचारली आहेस, तर घे. पेटीत जातो. लघवी पिवळसर, जराशी गढूळ, पण पाण्यासारखी वाहते. मी दिवसातून दहादा ती बघते, गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारी कामातून गेली. कातडीवर नवे केस उगवलेत, बाळाच्या जावळासारखे. आता वाळलेल्या गवताचा त्याच्याएवढा ढीग असतो, तो दिवसभर चघळतो. दाणेदार खाद्य चमचाभर. पहिले काही दिवस वाडग्यापाशी उभा राहून माझ्याकडे असं बघायचा, की शेजारीण म्हणाली, 'खायला घालत नाही का हो याला?' मी मन घट्ट केलं. लसूणघास बंद. पाला देते तो निथळू न देता, ओलाच. पाण्याची बाटली फेकली, जड मातीचा पसरट वाडगा ठेवलाय. त्यात मिशा बुडवून असा काही लपालपा पितो, की इतके दिवस याला तहानलेला ठेवला म्हणून मला अजूनही कसंतरी होतं. कातडीखाली सलाईन मीच दिलं आठवडाभर, डॉक्टरने शिकवलं. बटणं लावणारे हात, सुईला घाबरले नाहीत.

आणि टॉवेल आता काळे. दुकानात नवीन सहा काळे टॉवेल आणले. काका म्हणाले, "बाई, लाँड्रीत काळा टॉवेल? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना काय, मला दिसलं पाहिजे.

त्याला चालवायचं असतं, बसून राहिला की गाळ पुन्हा साचतो. म्हणून मी सकाळी झाडू घेऊन दुकानभर फिरते आणि तो झाडूमागे. गुडघे दुखतात. त्याचे नव्हे, माझे.

तुला खोली मिळाली, घरमालकीण जनावर ठेवू देते, आणि ढब्बूला न्यायला येऊ का असं विचारतेस. फार आनंद झाला. पण डॉक्टर म्हणते की इतक्यात प्रवास त्याला झेपायचा नाही. अजून दोन-तीन महिने तरी. तेव्हा घाई करू नकोस.


९ मार्च

मागच्या पत्रातलं शेवटचं खोटं होतं. डॉक्टर असं काही म्हणाली नाही. मी तिला विचारलंच नव्हतं. काल विचारलं. ती म्हणाली, "खुशाल जाऊ दे की. टोपली झाकलेली ठेवा, गवत भरपूर घाला, वाटेत पाणी दाखवत राहा."

का लिहिलं ते सरळ सांगते. ढब्बू गेला की पत्रं बंद होतील. तुझं आणि माझ्या मुलाचं नातं मोडलं, त्याचा कागद झाला. आता तू मला का लिहावंस? माझी खुशाली विचारायला तुला कारण काय उरतं? मला सशाच्या लघवीवर पानंच्या पानं लिहायची सवय लागली, आणि तुला वाचायची. एवढंच होतं आपलं. तेही टोपलीत घालून पाठवायचं म्हणजे मला जड गेलं.

हे पत्र पोस्टात टाकायला निघाले आणि पोस्टमन तुझंच पाकीट घेऊन दारात. म्हणून पुन्हा बसून पुढचं लिहितेय. माझ्या खोट्यावर तुझा काडीचा विश्वास बसला नाही. 'तुम्हाला झाडूमागे कोणीतरी चालायला हवं, हे मला कळलं,' असं लिहिलंस. 'तर मी न्यायला येत नाही. तुम्हीच त्याला घेऊन या. राहायलाच या. आणि तुमचे डोळे मला तपासायचेत, पांढऱ्यावरचं पांढरं दिसत नाही म्हणजे नंबर वाढलाय.' आणि सगळ्यात वर, जिथे इतके दिवस काही नसायचं तिथे, 'ढब्बूच्या आजीस'.

मी ते काकांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमचे डोळे खरंच तपासायला हवेत, पाणी येतंय."

तर शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. काकांना दुकानाच्या किल्ल्या दिल्यात आणि बॉयलर साफ करायला बजावलंय. किती दिवस राहीन ते ठरवलं नाही. गुडघ्यांवर आणि तुझ्या स्वयंपाकावर अवलंबून आहे. तुझी भाजी पूर्वी अळणी असायची. मी बोलणार नाही. बोलले तर कागदावर लिहून देईन.

तू एवढं कर. पसरट वाडगा आणून ठेव, जड, उलटणार नाही असा. गवत मी आणते. जमिनीवर वायरी लोळत असतील तर वर बांध. ढब्बूच्या कोपऱ्यात खुर्ची ठेवू नकोस, पळायला मोकळी जागा ठेव. पेटी खिडकीखाली ठेव म्हणजे उजेडात बघता येईल, आणि रोज बघत जा. मी नसेन तेव्हा तू, आणि असेन तेव्हा दोघी. डॉक्टर म्हणाली, हे एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. म्हणजे याच्याकडे कायमच लक्ष ठेवावं लागणार, आणि लिहायलाही कायमच काहीतरी असणार.

टोपलीत काळा टॉवेल अंथरून ठेवलाय. आज दुपारपासूनच तो त्यात जाऊन बसलाय, जणू त्यालाही तारीख सांगितली. मी निघेपर्यंत तो तिथून उठेल असं वाटत नाही.

तुझ्या नव्या खोलीचं दार कसं आहे मला माहीत नाही. उघडलंस की आधी टोपली आत घे. माझं मग बघ.

तुझी,
ढब्बूची आजी